गच्चीची किल्ली आणि आगोटीची वाळवणे : पार्श्वभूमी

चैत्र सरत आला की ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या अनेक सोसायट्यांच्या सूचनाफलकावर गच्चीच्या वापराबाबत एखादे पत्रक लागते आणि कुरड्या-पापड घालणाऱ्या घरांत त्यावरून कुरकुर सुरू होते. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, वाळवणे फार जुनी आहेत. त्यांच्यावरून होणारा वाद मात्र गेल्या दोन-तीन दशकांतला आहे.

वाड्यांच्या काळाबद्दल फार सांगायला नको. ठाण्याच्या नौपाड्यात अंगणे होती, खाडीकाठच्या गावांत खळी होती, आणि मृगाच्या आत वर्षाचे तिखट, सांडगे, पापड, सुकी मासळी डब्यांत भरून झाली पाहिजे, हे घरातल्या पोरीबाळींनाही ठाऊक होते. अंगणे गेली तशा बायका गच्चीवर गेल्या. १९५९ साली गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड करायला सुरुवात केली आणि त्यातून पुढे देशभर पोचलेला उद्योग उभा राहिला, ही गोष्ट स्त्रियांच्या उद्यमशीलतेचा नमुना म्हणून नेहमी सांगितली जाते. त्या दिवशी गच्चीचे दार उघडे होते, हा तपशील कोणी सांगत नाही.

१९७० मध्ये खाडीपलीकडे नवी मुंबई हे नवे शहर वसवण्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झाले, ९५ गावांच्या जमिनी त्यासाठी घेण्यात आल्या आणि आगरी-कोळी घरांची खळी त्या आराखड्यात आक्रसत गेली. वाशीतल्या सुरुवातीच्या बैठ्या आणि तीन-चार मजली वसाहतींत तरी ऊन हाताशी होते. घोडबंदर रस्त्यावर टॉवर उभे राहू लागले, लिफ्ट आल्या, आणि गच्चीला कुलूप लागले ते साधारण त्याच सुमारास.

कुलपाची कारणे सगळीकडे तीच दिली जातात : गळती, पाण्याच्या टाक्यांची सुरक्षितता, मोबाइलचे अँटेना, लहान मुले. त्यांतले एकही खोटे नाही. परंतु कुरडईचे वेळापत्रक पाहिले म्हणजे त्या कुलपाचा भार कोणावर पडला ते कळते. गहू तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, वाटून चीक काढतात. तो रात्रभर ठेवून वरचे पाणी ओतून देतात आणि पहाटे शिजवायला घेतात. शिजलेला चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून नीट उतरतो, आणि खाडीच्या दमट हवेत कुरडई एका दिवसात खडखडीत व्हायची तर सकाळच्या पहिल्या उन्हातच ती पसरावी लागते. अशा वेळी किल्ली ‘कार्यालयीन वेळेत अर्ज केल्यावर’ मिळणार असेल, तर तिचा उपयोग शून्य. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक कार्यक्रमासाठी सभासदाच्या अर्जावरून गच्ची तात्पुरती वापरू देण्याची सोय आहे. वाळवण यांपैकी कशात बसते, हे सचिवांच्या मर्जीवर राहिले. वाढदिवसाला परवानगी आणि सांडग्यांना नकार, असे प्रकार त्यातूनच घडत आले.

गच्चीला कुलूप लावण्याचे ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झाले, हे खरेच आहे. ते मंजूर कोणी केले, हा प्रश्न तेवढा उरतो. १९६० च्या सहकारी कायद्यानुसार मत सभासदाचे, आणि संयुक्त नावाच्या भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) ज्याचे नाव पहिले त्याचे. पहिले नाव बहुतेक ठिकाणी नवऱ्याचे होते. जिला चार तास उन्हात बसून कावळे हाकायचे होते, ती सभेच्या वेळी चहाच्या तयारीत असे, आणि तिचे म्हणणे इतिवृत्तात कुठे आढळत नाही. हा अन्याय जाणूनबुजून झाला असे म्हणता येणार नाही, पण झाला.

सहकारी कायद्याच्या २०१३ च्या दुरुस्तीने सोसायटीच्या समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव झाल्या. एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली आणि भागपत्रावर स्त्रियांची नावे हळूहळू पुढे येऊ लागली. गंमत अशी की तोवर वाळवणेच विकत येऊ लागली होती : बचत गटांच्या प्रदर्शनातून, देशावरच्या नातेवाइकांकडून, तुर्भ्याच्या मसाला बाजारातून मिरची नेऊन डंखावर, म्हणजे मसाला कुटण्याच्या यंत्रावर, कुटून. नोकरी करणाऱ्या सुनेला हे सोयीचे आहे, आणि तिने सासूसारखे उन्हात तळावे अशी अपेक्षा धरणाऱ्यांनी बहुधा स्वतः कधी सोऱ्या दाबलेला नसतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने छतावरील सौरऊर्जेसाठी अनुदानाची नवी योजना आणल्यापासून गच्ची पुन्हा सभेच्या विषयपत्रिकेवर आली आहे. पॅनेल लागले की मोकळी फरशी आणखी कमी होणार. काही सोसायट्यांनी एप्रिल-मे महिन्यांत रविवारी सकाळी सहापासून गच्ची उघडी ठेवण्याची तडजोड केली आहे. किल्ली मात्र अजून बहुतेक ठिकाणी रखवालदाराच्या खणातच असते.