‘वेंट आउट टू सो’: फ्रेजल व्हर्ब आणि हेतूचा ‘टू’ यांची पार्श्वभूमी

दादरला गाडी बदलणारा मुंबईकर इंग्रजीत सहज म्हणतो, ‘आय गॉट डाउन ॲट दादर टू चेंज ट्रेन्स.’ या वाक्याचा उत्तरार्ध बिनचूक आहे. पूर्वार्धातलं ‘गॉट डाउन’ मात्र ‘उतरणे’चं शब्दशः भाषांतर आहे. ब्रिटिश किंवा अमेरिकी माणूस ट्रेनमधून, बसमधून ‘गेट ऑफ’ होतो आणि ‘गेट डाउन’ म्हटलं की त्याला शिडी किंवा झाड आठवतं. ‘गेट ऑफ’सारख्या, क्रियापद आणि ‘ऑफ’, ‘आउट’, ‘अप’ असा छोटा शब्द मिळून झालेल्या जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात, तर ‘टू चेंज’मधला ‘टू’ हेतू सांगतो. एकाच वाक्यातला अर्धा भाग आपल्याला आपसूक जमतो आणि अर्धा अडतो, याचं कारण दोन्ही भागांच्या इतिहासात आहे. हा इतिहास मुळात एकत्रच वाचायला हवा.

‘टू’ हा आधी क्रियापदाचा भाग नव्हताच. तो ‘-कडे’ अशा अर्थाचा, दिशा दाखवणारा साधा शब्द होता. जुन्या इंग्रजीत क्रियापदाचं मूळ रूप ‘-अन’ने संपायचं, उदाहरणार्थ पेरणे म्हणजे ‘सावन’. हेतू सांगायचा असेल तर त्याच रूपाला चतुर्थीचा प्रत्यय लागे आणि आधी ‘तो’ (आजच्या ‘टू’चं जुनं रूप) येई: ‘तो सावेन्ने’, म्हणजे पेरण्याकडे, पेरण्यास. दहाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराला झालेल्या शुभवर्तमानांच्या वेस्ट सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रजीच्या एका बोलीतल्या, भाषांतरात पेरणाऱ्याचा दृष्टांत सुरू होतो तो असा: ‘ऊत एओदे से सॅदेरे हिस सॅद तो सावेन्ने.’ शब्दाला शब्द लावला तर ‘बाहेर गेला पेरणारा त्याचं बी पेरायला’. यातलं ‘ऊत एओदे’ म्हणजे आजचं ‘वेंट आउट’. हजार वर्षांपूर्वीच्या या एका ओळीत आपले दोन्ही विषय शेजारी शेजारी उभे आहेत.

मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावं. आपलं ‘पेरावयास’ आणि त्याचं बोलीतलं ‘पेरायला’ यांत शेवटी जे ‘स’ आणि ‘ला’ आहेत, तेही चतुर्थीचेच प्रत्यय आहेत. रामाला, शाळेला, तसंच पेरायला. आणखी मागे गेलं तर पाणिनीने (३.३.१०) एक क्रिया दुसऱ्या क्रियेसाठी होत असेल तिथे ‘तुमुन्’ प्रत्यय सांगितला आहे: ‘भोक्तुं व्रजति’, जेवायला जातो. म्हणून ‘टू चेंज’ आपल्याला परकं वाटत नाही.

पुढे इंग्रजीतले विभक्तिप्रत्यय झिजले. ‘सावेन्ने’चं नुसतं ‘सो’ (पेरणे) उरलं आणि ‘टू’ इतक्या ठिकाणी येऊ लागला की त्यातला हेतू पुसट झाला. मग लोकांनी त्याला ‘फॉर’चा टेकू दिला. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये मत्तयाच्या अकराव्या अध्यायात हा बदल घडताना दिसतो. सातव्या ओवीत ‘व्हॉट वेंट यी आउट इन्टू द विल्डरनेस टू सी?’ असं आहे, तर लगेच आठव्या ओवीत ‘बट व्हॉट वेंट यी आउट फॉर टू सी?’ क्रियापद तेच, हेतू तोच, पण एकदा ‘टू’ आणि एकदा ‘फॉर टू’. प्रमाण इंग्रजीतून ‘फॉर टू’ नंतर गेलं आणि आज ते काही बोलींत आणि जुन्या गाण्यांत सापडतं. हेतू ठसवून सांगायचं काम सतराव्या शतकापासून ‘इन ऑर्डर टू’कडे आलं.

दुसरीकडे ‘आउट’, ‘अप’, ‘ऑफ’ हे शब्दही दिशेचेच. जुन्या इंग्रजीत ते बहुधा क्रियापदाच्या आधी यायचे, वरच्या ‘ऊत एओदे’सारखे. मग वाक्यरचना बदलली, इंग्लंडात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेचा हातभार लागला असंही मानलं जातं, आणि ते क्रियापदामागे गेले. पीटरबरो क्रॉनिकल या इंग्लंडातल्या मठाच्या बखरीची शेवटची नोंद ११५४ सालची आहे, आणि तिच्या अखेरच्या भागात ‘गिव्ह अप’चा (सोडून देणे) पूर्वज स्पष्ट दिसतो. संस्कृतात नेमकी उलटी चाल झाली. वेदांत उपसर्ग धातूनंतर किंवा मध्ये शब्द टाकून येऊ शकतात, हे पाणिनीनेच नोंदवलं आहे (१.४.८१-८२). नंतरच्या संस्कृतात ते धातूला आधीच्या बाजूने कायमचे चिकटले. इंग्रजीत ते सुटे राहिले, आणि सुटे राहिले म्हणूनच त्यांचे अर्थ भरकटले. ‘गिव्ह’ आणि ‘अप’ दोन्ही माहीत असूनही ‘गिव्ह अप’ कळत नाही, ते यामुळे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या कोशाच्या प्रस्तावनेत परकीयांना सर्वांत जड जाणारी गोष्ट म्हणून हीच सांगितली. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच अलीकडचं. लोगन पिअरसॉल स्मिथने १९२५मध्ये ते पुस्तकात वापरलं, आणि ते सुचवण्याचं श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं.

मुंबईत इंग्रजी शिकवणं पक्कं झालं तेव्हा, म्हणजे दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण आलं त्या १८३६पासून विद्यापीठ स्थापन झालं त्या १८५७पर्यंत, या क्रियापदांना हे नावही नव्हतं. इन्फिनिटिव्ह, म्हणजे ‘टू’ लागणारं क्रियापदाचं मूळ रूप, व्याकरणाच्या धड्यात आला आणि ‘सेट आउट’, ‘कॉल ऑन’ वाक्प्रचारांच्या यादीत, घोकायला. ही फारकत आजही मराठी माध्यमाच्या वह्यांत दिसते, आणि चुका होतात त्या बरोबर दोहोंच्या सांध्यावर.

सगळ्यांत मोठी चूक ‘साठी’मुळे होते. ‘आणण्यासाठी’ मनात आलं की ‘फॉर’ येतो: ‘शी वेंट आउट फॉर बायिंग मिल्क.’ इथे ‘टू बाय’च हवं. ‘फॉर’ आणि ‘-इंग’ची जोडी वस्तूचा उपयोग सांगताना चालते, जसं ‘अ नाइफ फॉर कटिंग व्हेजिटेबल्स’. माणूस एक कृती दुसऱ्या कृतीसाठी करतो तेव्हा ती चालत नाही. मनात ‘साठी’ऐवजी ‘-आयला’ धरावं, म्हणजे ‘दूध आणायला बाहेर गेली’, आणि ‘टू’ आपोआप येतो.

नकारात नुसतं ‘नॉट टू’ लंगडं पडतं. बाळ उठू नये म्हणून रेडिओ बंद केला, तर ‘ही टर्न्ड ऑफ द रेडिओ सो ॲज नॉट टू वेक द बेबी’ असं म्हणावं. आणि रेडिओच्या जागी सर्वनाम आलं तर ते मध्येच बसतं, ‘टर्न्ड इट ऑफ’. ‘टर्न्ड ऑफ इट’ कधीच नाही.

मग ज्यात हेतू नसतो तो ‘टू’. ‘द रूमर टर्न्ड आउट टू बी फॉल्स’ यात अफवेचा काही उद्देश नाही. पडताळा सोपा आहे: ‘टू’च्या जागी ‘इन ऑर्डर टू’ घालून पाहावं. वाक्य टिकलं तर हेतू, कोसळलं तर नाही. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ तर अजूनही तोच जुना दिशेचा शब्द आहे, म्हणून त्यापुढे नाम किंवा ‘-इंग’ येतं: ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. अर्जाच्या शेवटी ‘टू मीट यू’ लिहिलेलं फार दिसतं. शंका आली तर ‘टू’पुढे ‘इट’ ठेवावं. ‘लुक फॉरवर्ड टू इट’ बसतं, तेव्हा क्रियापदालाही नामाचं रूप घ्यावंच लागतं.

आणि एक चूक फोनच्या पडद्यावर रोज भेटते. वीजबिल भरायच्या पानावर लिहायचं असतं ‘लॉग इन टू पे’, तीन सुटे शब्द आणि मग क्रियापद. ‘इन’ हा ‘लॉग’चा, ‘टू’ हा ‘पे’चा. घाईत ‘इन’ आणि ‘टू’ जोडून ‘इन्टू’ होतं, किंवा ‘लॉग’ आणि ‘इन’ जोडून ‘लॉगिन’, जे नाम आहे. मोठ्याने वाचलं की फरक कानाला कळतो: ‘लॉग इन टू पे’ म्हणताना जोर ‘इन’वर पडतो आणि त्यानंतर बारीकसा थांबा येतो, तर ‘वॉक्ड इन्टू द रूम’मध्ये ‘इन्टू’वरून जीभ न थांबता पुढे जाते.