मधुमेहातील दीर्घकालीन मूत्रपिंडविकार आणि कोविड-१९ ची महासाथ (सांगली जिल्हा)

टाइप २ मधुमेह असलेल्या व्यक्तीत मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची क्षमता घटते किंवा लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाऊ लागते आणि ही स्थिती तीन महिन्यांहून अधिक काळ टिकते, तेव्हा तिला मधुमेहातील दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. गाळण्याचा अंदाजित वेग, म्हणजे ईजीएफआर, मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली जाणे किंवा लघवीत एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे (क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंत तयार होणारा आणि मूत्रपिंडांतून बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) ३० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक अल्ब्युमिन सापडणे हे निदानाचे निकष होत. साधारणपणे तीन मधुमेहींपैकी एकाला हा विकार कधी ना कधी जडतो.

विकार दीर्घकाळ मुका असतो. लघवीला फेस येणे, संध्याकाळी घोट्यावर बोट दाबले असता खळगा राहणे ही लक्षणे दिसेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. रक्तातील नुसत्या क्रिएटिनिनच्या आकड्यावरही विसंबता येत नाही. पासष्ट वर्षांच्या स्त्रीच्या रिपोर्टवर १.२ हा आकडा पुष्कळदा 'नॉर्मल' म्हणून वाचला जातो. प्रत्यक्षात त्या वयात त्याचा अर्थ ईजीएफआर सुमारे ५०, म्हणजे विकाराचा तिसरा टप्पा, असा होऊ शकतो. म्हणूनच वर्षातून एकदा रक्त आणि लघवी या दोन्हींची तपासणी करणे हाच या रुग्णांचा खरा आधार असतो, आणि महासाथीने नेमका तोच काढून घेतला.

सांगली जिल्ह्यात मार्च २०२० मध्ये इस्लामपूर येथे कोविडचे पहिले रुग्ण आढळले आणि पाठोपाठ देशभर टाळेबंदी लागू झाली. मिरज हे शतकाहून अधिक काळ वैद्यकीय उपचारांचे केंद्र आहे. तिथल्या वानलेस रुग्णालयाची सुरुवात १८९४ मधली. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातले आणि सीमेपलीकडच्या, कर्नाटकातील अथणी भागातले रुग्ण मिरजेलाच येतात. एसटी बंद, जिल्ह्याच्या सीमा बंद, बाह्यरुग्ण विभाग आक्रसलेले, अशा काळात ज्यांना काहीच दुखत नव्हते अशा मधुमेहींची तपासणी सर्वांत आधी मागे पडली. डायलिसिस मात्र पुढे ढकलता येत नाही: आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्रावर बसावे लागते, आणि एकाच खोलीत अनेक जण असल्याने संसर्गाची भीतीही तिथेच अधिक असते. मे २०२० मध्ये महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना राज्यातील सर्व नागरिकांना खुली झाली. तिच्यात डायलिसिसचा समावेश असल्याने खर्चाचा भार काहींना हलका झाला, पण रुग्णालय गाठण्याचा प्रश्न योजनेने सुटणारा नव्हता. पुढे जुलै २०२१ मध्ये कृष्णेच्या पुराने हे हाल आणखी वाढवले.

संसर्ग झालाच तर मधुमेह आणि मूत्रपिंडविकार एकत्र असलेल्या व्यक्तीत आजार गंभीर होण्याचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. ताप, उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी कमी होणे, प्राणवायूचा अभाव आणि तीव्र दाह यांमुळे आधीच दुबळी असलेली मूत्रपिंडे काही दिवसांत निकामी होऊ शकतात. जून २०२० नंतर गंभीर रुग्णांचे प्राण वाचवणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड रक्तातील साखर झपाट्याने वाढवते, त्यामुळे कित्येकांना पहिल्यांदाच इन्सुलिन घ्यावे लागले. दुसऱ्या लाटेतील म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीच्या संसर्गाचे, बहुतेक बळीही अनियंत्रित साखर असलेलेच होते.

औषधांबाबतचा गोंधळ विशेष हानिकारक ठरला. विषाणू पेशीत शिरताना एसीई-२ या प्रथिनाचा आधार घेतो हे कळताच रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या हे प्रथिन वाढवतात आणि म्हणून धोक्याच्या आहेत, अशी शंका पसरली. वास्तविक याच गोळ्या मधुमेहीच्या मूत्रपिंडांचे रक्षण करतात, आणि त्या बंद करू नयेत असे हृदयरोग व मूत्रपिंडरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी मार्च २०२० मध्येच स्पष्ट केले होते. याउलट, अंगदुखीसाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांची भीती कोणी फारशी बाळगली नाही. ऊसतोडणी किंवा द्राक्षबागेतल्या कष्टांनी पाठ धरलेल्या माणसाला ती सवय आधीपासूनच असते, आणि मूत्रपिंडांना खरा अपाय तिथून होतो. घरोघरी उकळलेल्या काढ्यातले ज्येष्ठमध जास्त प्रमाणात रक्तदाब वाढवते. शक्ती यावी म्हणून दिलेले शहाळ्याचे पाणी आणि तासगावचे बेदाणे यांत पोटॅशियम भरपूर असते, व विकार पुढच्या टप्प्यात असेल तर ते हृदयाच्या ठोक्यांवर उठू शकते. ताप-उलट्यांच्या दिवसांत मेटफॉर्मिन आणि ग्लिफ्लोझिन गटातील मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, हेही फार थोड्या रुग्णांना कोणी सांगितले होते.

१ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधीग्रस्तांना लस मिळू लागली. उपचार सुरू असलेल्या उच्च रक्तदाबासोबतचा दहा वर्षांहून जुना किंवा गुंतागुंतीचा मधुमेह आणि डायलिसिसवरील मूत्रपिंडविकार या दोन्हींचा त्या यादीत समावेश होता. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतात ग्लिफ्लोझिन गटातल्याच डापाग्लिफ्लोझिनचे मूळ पेटंट संपून स्वस्त गोळ्या बाजारात आल्या, आणि त्याच वर्षी हे औषध मूत्रपिंडविकाराची वाढ मंदावते असे मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. कोविडच्या आजारपणात ज्यांचे क्रिएटिनिन वाढले होते, त्यांची रक्त व लघवी तपासणी बरे झाल्यानंतर तीन महिन्यांनी पुन्हा करणे आवश्यक मानले जाते, कारण तेव्हाच नुकसान तात्पुरते होते की कायमचे, हे ठरते.