आपत्कालीन उपचारांतील सहनिर्णय

एकाहून अधिक उपचार वैद्यकीयदृष्ट्या योग्य असतील, तेव्हा कोणता घ्यायचा हे रुग्ण आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवणे, यास सहनिर्णय म्हणतात. पर्याय, त्यांचे फायदे आणि धोके डॉक्टर सांगतात. कशाची भीती वाटते, घरी सोबत कोण आहे, काय सोसवेल, हे रुग्ण सांगतो. संमतीपत्रावर सही घेतली म्हणजे सहनिर्णय झाला असे नाही.

कॅज्युअल्टीत एवढे बोलायला वेळ कुठे, हा नेहमीचा आक्षेप. श्वास थांबलेल्या किंवा बेशुद्ध रुग्णाबाबत तो रास्तच आहे. तिथे आधी जीव वाचवायचा. पण कॅज्युअल्टीत येणारे पुष्कळजण शुद्धीवर असतात आणि तपासण्यांचे निकाल येईपर्यंत तासन्‌तास खाटेवर पडून असतात. विचारायला तो वेळ पुरेसा असतो.

छातीत दुखणे हे याचे सर्वांत नीट अभ्यासलेले उदाहरण. ईसीजी ठीक, रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर वाढणारे प्रथिन) वाढलेले नाही, तरी हृदयविकाराची थोडी शंका उरते. दाखल करून स्ट्रेस टेस्ट (हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी) करायची, की घरी पाठवून एकदोन दिवसांत पुन्हा तपासायचे? यासाठी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एक सचित्र पत्रक तयार झाले. तुमच्यासारख्या शंभर जणांपैकी पुढील ४५ दिवसांत किती जणांना हृदयाचा झटका किंवा त्याची पूर्वावस्था संभवते, हे त्यात ठिपक्यांनी दाखवलेले असते. सहा रुग्णालयांतील ८९८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पत्रक वापरलेल्या गटात ३७ टक्के रुग्ण स्ट्रेस टेस्टसाठी निरीक्षण कक्षात दाखल झाले, नेहमीच्या पद्धतीत ५२ टक्के. पत्रकामुळे कोणाला हृदयविकाराची गंभीर इजा झाल्याचे आढळले नाही. दाखल होणाऱ्यांतील घट लक्षवेधी खरी, पण रुग्णांना आपला धोका अधिक चांगला समजला, हे त्याहून मोलाचे.

डोक्याला मार लागलेल्या मुलाच्या मेंदूला इजा झाली असण्याचा धोका मध्यम असेल, तर लगेच सीटी स्कॅन की काही तास नजरेखाली ठेवणे, हे पालकांशी बोलून ठरवता येते. साध्या अपेंडिसायटिसमध्ये शस्त्रक्रियेऐवजी प्रतिजैविके देता येतात. मात्र २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत प्रतिजैविके घेतलेल्या दर दहांपैकी सुमारे तिघांना ९० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करावीच लागली. हा आकडा रुग्णाला आधीच कळायला हवा.

आपल्याकडे डॉक्टर अनेकदा नातेवाइकांशी बोलतात आणि रुग्ण बाजूला राहतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली याबाबत स्पष्ट निर्णय दिला. भुलीखाली असलेल्या सज्ञान स्त्रीच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व अंडाशय काढले गेले होते. जिवाला तातडीचा धोका नसल्याने ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही.

‘डॉक्टर, तुम्हीच काय ते ठरवा’ असे रुग्ण म्हणाला, तर तोही त्याचा निर्णयच. मेयो क्लिनिकच्या पत्रकावर तो पर्याय वेगळा छापलेला होता.