जेआर पास काढला की पैसे वसूल?

जपानला जायचं म्हटलं की कुणीतरी सांगतंच, "आधी जेआर पास काढा, पैसे वसूल!" हा पास म्हणजे ठरावीक दिवस जपान रेल्वेच्या (जेआर) गाड्यांनी हवं तितकं फिरायची पर्यटकांसाठीची सोय. पैसे वसूल व्हायचे हे खरं, पण जुन्या दरात. सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनला मिळायचा. टोकियो-क्योतो जाऊन-येऊन शिंकानसेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, भाडं जवळपास तेवढंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये पास थेट ५०,००० येन झाला. तिकीट मात्र एका बाजूचं १४,००० च्या आसपासच आहे. अगदी हिरोशिमाला जाऊन टोकियोला परतलात, तरी ४०,००० च्या आसपास भागतं. शिवाय सर्वांत वेगवान 'नोझोमी' शिंकानसेनसाठी पासवाल्यांना वरून वेगळे पैसे मोजावे लागतात! तेव्हा सुटी तिकिटं काढा. खिडकीवर दोन शब्द पुरतात: 'शितेइसेकी' म्हणजे आरक्षित जागा, 'जियूसेकी' म्हणजे बिनआरक्षित.