ठोशातला दम

मुष्टियुद्धात एका ठोशाने प्रतिस्पर्ध्याला डळमळवण्याची, खाली पाडण्याची किंवा बेशुद्ध करण्याची क्षमता म्हणजे ठोशातला दम. रिंगच्या आसपास 'याच्या पंचमध्ये पॉवर आहे' किंवा 'याचा हात जड आहे' असे म्हटले जाते. दुसरा शब्दप्रयोग बोलका असला तरी फसवा आहे. ही ताकद हातात तयार होत नाही. ती पायाखालच्या कॅनव्हासवरून, म्हणजे रिंगच्या जमिनीवरून, वर चढते आणि हातातून फक्त बाहेर पडते. वर चढताना ती वाटेत कुठे सांडते हे शोधले, की एखाद्याच्या ठोशात दम का नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा मिळते.

दंडाच्या घेराचा आणि ठोशाचा संबंध किती कमी असू शकतो, हे वेल्सच्या जिमी वाइल्डने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले. लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला हा माणूस १९१६ ते १९२३ या काळात फ्लायवेट या अगदी हलक्या वजनी गटाचा जगज्जेता होता. त्याचे वजन क्वचितच ५० किलोला पोहोचत असे. अंगावर मांस नाही, छातीच्या फासळ्या मोजता याव्यात अशी चण, आणि तरीही शंभराच्या आसपास प्रतिस्पर्धी त्याने नॉकआउट केले. कित्येकदा ते त्याच्याहून बरेच वजनदार असत. 'हातात हातोडा असलेले भूत' हे त्याचे टोपणनाव त्याला शोभून दिसे.

पायापासून मुठीपर्यंत

मागच्या हाताचा सरळ ठोसा, म्हणजे क्रॉस, जवळून पाहिला तर मूठ सर्वांत आधी हलत नाही. मागच्या पायाचा चवडा जमिनीत रुततो, टाच उचलून बाहेर वळते, गुडघा आत येतो, कंबर फिरते, तिच्यामागून खांदा येतो आणि सर्वांत शेवटी कोपर उघडून मूठ सुटते. लागायच्या क्षणी मूठ पालथी होते आणि घट्ट आवळली जाते. प्रत्येक सांध्याची पाळी आधीच्याचा वेग भरात आला की येते, आधी नाही आणि नंतरही नाही. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभा राहून पाखरे राखणारा गोफण फिरवतो, तेव्हा दगडाला वेग मनगटाच्या जोराने येत नाही. अंगाचा झोक दोरीत आणि दोरीचा झोक दगडात उतरावा लागतो. दोरी सोडण्याची वेळ चुकली, तर दगड बांधावरच पडतो. ठोशाचेही तसेच आहे.

१९८५ साली सोव्हिएत संशोधकांनी या साखळीतल्या प्रत्येक भागाचा वाटा मोजला. मुरलेल्या मुष्टियोद्ध्यांच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के, धडाचा ३७ टक्के आणि हाताचा जेमतेम २४ टक्के निघाला. नवख्यांमध्ये पायांचा वाटा १६-१७ टक्क्यांवर घसरला आणि हाताचा ३८ टक्क्यांवर गेला. या विषयावर एकच आकडेवारी लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवावी. नवखा माणूस ठोसा हाताने मारतो आणि मुरलेला पायाने.

ठोशाचा जोर वाढवणाऱ्या गोष्टी दोन: लागताना मुठीचा वेग, आणि त्या मुठीमागे शरीराचे किती वजन प्रत्यक्षात जोडलेले आहे ते. दुसऱ्या गोष्टीला परिणामी वस्तुमान म्हणतात. ऑलिंपिक दर्जाच्या सात मुष्टियोद्ध्यांवर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुठीचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर, परिणामी वस्तुमान २.९ किलो आणि ठोशाचे बल सरासरी ३४२७ न्यूटन आढळले. वजनी गट वाढत गेला तसा जोर वाढला, पण तो वेगामुळे कमी आणि मुठीमागच्या वजनामुळे जास्त. ब्रिटनचा हेवीवेट फ्रँक ब्रूनो याच्या ठोशाचे मोजमाप १९८५ साली झाले. त्यात मूठ टेकल्यापासून १४ सहस्रांश सेकंदांच्या आत बल ४०९६ न्यूटनवर, म्हणजे सुमारे ४१८ किलोच्या वजनाइतक्या दाबावर गेले. सहा किलोचा, वर गादी बांधलेला लाकडी हातोडा ताशी ३२ किलोमीटर वेगाने डोक्यावर बसावा, अशी तुलना संशोधकांनी केली.

इथे एक अडचण येते. वेगासाठी स्नायू सैल हवेत आणि वजन जोडायला ते ताठ हवेत. ही दोन्ही कामे एकाच ठोशात कशी होतात, ते स्नायूंमधले विद्युत संकेत मोजल्यावर कळले. कसलेल्या लढवय्यांच्या धडाचे स्नायू दोनदा आवळतात. एकदा ठोसा निघताना आणि दुसऱ्यांदा तो लागताना. मधल्या क्षणात ते सैल सुटलेले असतात. दुसऱ्या आवळण्याने हात, खांदा आणि धड क्षणभर एकसंध होतात आणि मुठीमागे शरीर उभे राहते. 'सैल सोड, लागताना आवळ' हा प्रशिक्षकांचा जुना घोष म्हणजे नेमके हेच.

जागा आणि वेळ

नुसत्या न्यूटनांनी माणूस पडत नाही. हनुवटीच्या टोकावर आडवा बसलेला हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, कपाळावर बसलेल्या दुप्पट जोराच्या ठोशापेक्षा जास्त घातक ठरू शकतो, कारण हनुवटी तरफेसारखी वागून डोके झटक्यात फिरवते. कवटीत मेंदूला पीळ बसतो आणि शुद्ध हरपते. ही मेंदूची दुखापत आहे, हे नॉकआउटचे कौतुक करताना विसरले जाते. सरावात जड हाताच्या मुलाला हलक्या जोडीदारावर मोकळा सोडणारा प्रशिक्षक त्या दोघांवरही अन्याय करतो. यकृतावरचा ठोसा वेगळ्या रीतीने काम करतो. शुद्ध राहते, पण पाय चालत नाहीत. १८ सप्टेंबर २००४ रोजी बर्नार्ड हॉपकिन्सने ऑस्कर डी ला होयाला नवव्या फेरीत असेच गुडघ्यांवर आणले.

जो ठोसा दिसत नाही तो पाडतो, असे या खेळात म्हणतात. येणारा ठोसा दिसला की मान आपोआप आवळते आणि डोक्याचा झटका कमी होतो. त्यात प्रतिस्पर्धी स्वतःच पुढे येत असेल, तर दोघांचे वेग एकत्र होतात. ८ डिसेंबर २०१२ रोजी लास व्हेगासमध्ये सहावी फेरी संपायला एक सेकंद उरला असताना मॅनी पॅक्याव पुढे झेपावला आणि हुआन मॅन्युएल मार्केझच्या उजव्या ठोशावर जाऊन आदळला. मार्केझने तो ठोसा लांबून आणला नव्हता. अर्धे काम पॅक्यावच्याच पायांनी केले होते. म्हणून वेळ साधण्याला ताकदीपासून वेगळे कौशल्य मानणे मला पटत नाही. तो ताकदीचाच भाग आहे.

दम का नसतो

जड बॅगवर हे सर्वांत लवकर कळते. काहींच्या ठोशाने बॅग लांबवर झुलते, तर काहींच्या ठोशाने ती फारशी हलत नाही, पण मधोमध दुमडते आणि 'धप्प' असा आखूड आवाज येतो. नवख्याला पहिले दृश्य जास्त जोरकस वाटते. प्रत्यक्षात पहिला बॅग ढकलतो आणि दुसरा मारतो. ढकलण्यात मूठ लक्ष्यावर रेंगाळते, तोच जोर जास्त वेळात वाटला जातो आणि त्याचा धक्का बोथट होतो.

दम नसण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच: साखळी तुटलेली असते. टाच जमिनीला चिकटलेली राहते, कंबर फिरतच नाही किंवा खांद्याच्या आधी हात निघून जातो. दोन्ही पाय एका रेषेत आले, तर तोल सांभाळण्यातच शक्ती खर्च होते. ठोसा दाखवायच्या हट्टाने सगळे अंग आधीच आवळून धरणाऱ्यांचे विरोधी स्नायू हाताला ब्रेक लावतात. अशा मुलांना आणखी जोर लावायला सांगितले की ठोसा आणखी हळू होतो, आणि हे जागोजागी घडताना दिसते.

काहींच्या बाबतीत कारण शैलीत असते. मागे सरकत, वजन मागच्या पायावर ठेवून लढणाऱ्याला मार कमी बसतो आणि त्याचा ठोसाही हलका पडतो. हा सौदा त्याने समजून केलेला असतो. अमेरिकेचा जगज्जेता विली पेप याने २२९ लढती जिंकल्या, त्यांतल्या ६५ नॉकआउटने. त्याला कमी लेखण्याची हिंमत कोणी करत नाही. मॅक्सी रोझेनब्लूम तर उघड्या पंजाने चापट मारल्यासारखा मारत असे. म्हणून त्याला 'स्लॅप्सी मॅक्सी' म्हणत. दोनशेहून अधिक विजयांत त्याचे नॉकआउट विसाच्या आत आहेत, आणि तरीही १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तो लाइट हेवीवेटचा जगज्जेता होता.

हाताच्या हाडांविषयी मात्र पुरेसे बोलले जात नाही. पंजात २७ हाडे असतात आणि त्यांतली बरीचशी पेन्सिलीएवढी जाड. पाय आणि कंबर जेवढा जोर पाठवतात तेवढा सोसायची ऐपत मुठीत नसेल, तर शरीर स्वतःच हात आखडता घेते. न्यू यॉर्कच्या पॉली मॅलिनॅजीने दोन वजनी गटांत विश्वविजेतेपद मिळवले, पण ३६ विजयांपैकी फक्त ७ नॉकआउट. उजवा हात पुन्हा पुन्हा मोडला आणि शस्त्रक्रिया झाल्या. वेग आणि तंत्र या दोन्हींत तो कोणालाही हार जाणारा नव्हता. जड हाताच्यांनाही ही किंमत मोजावी लागते. १५ एप्रिल १९८५ रोजी मार्व्हिन हॅगलरविरुद्ध टॉमी हर्न्सचा उजवा हात पहिल्याच फेरीत हॅगलरच्या डोक्यावर मोडला आणि तिसऱ्या फेरीत हॅगलरने लढत संपवली.

जन्मजात की कमावलेला

'पंचर जन्मावा लागतो' ही म्हण अर्धी खरी आहे. झटपट आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंचे प्रमाण, हातांची लांबी, मनगटांची जाडी या गोष्टी बऱ्याच अंशी आईबापांकडून येतात. पण उरलेला अर्धा भाग हर्न्सच्याच गोष्टीत आहे. डेट्रॉइटच्या क्रॉंक जिममधला हा उंच, काटक मुलगा हौशी लढतींत गुणांवर जिंकणारा म्हणून ओळखला जाई. नॉकआउट त्याच्या नावावर मोजकेच होते. १९७७ मध्ये तो व्यावसायिक झाला. प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्डने त्याचा पवित्रा बदलला, पाय रोवायला शिकवले आणि लांब हातांचा उपयोग तरफेसारखा करायला लावला. पहिल्या १७ व्यावसायिक लढती त्याने नॉकआउटने जिंकल्या. मुलगा तोच आणि हातही तेच होते.

ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातल्या मुष्टियोद्ध्यांवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उडीतली स्फोटक शक्ती आणि ठोशाचा जोर यांचा घट्ट संबंध दिसला. म्हणून आज वजन घेऊन उड्या, मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, भिंतीवर फेकणे, झटक्यात वजन उचलणे असे व्यायाम सरावात असतात. दंडांचा नुसता फुगवटा वाढवणारे व्यायाम मात्र वजनी गट वाढवतात आणि ठोशात फारशी भर घालत नाहीत.

वय झाल्यावर

वयाबरोबर आधी पाय मंदावतात, मग प्रतिक्षेप, आणि ठोसा सर्वांत शेवटी जातो, असे मुष्टियुद्धात मानले जाते. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ५ नोव्हेंबर १९९४चे आहे. वीस वर्षांपूर्वी मोहम्मद अलीसमोर हरताना घातलेलीच चड्डी घालून ४५ वर्षांचा जॉर्ज फोरमन २६ वर्षांच्या हेवीवेट जगज्जेत्या मायकेल मूररसमोर उभा राहिला. नऊ फेऱ्या तो मार खात होता आणि तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रिकांवर मागे होता. दहाव्या फेरीत त्याने मूररला समोर स्थिर होऊ दिले, पाय रोवले आणि एक आखूड उजवा ठोसा हनुवटीवर दिला. मूठ फार लांबून आली नव्हती. मूरर पाठीवर पडला आणि दहा अंक मोजून होईपर्यंत उठला नाही.