स्पोर्ट्स एक्झॉस्ट व रंगसंरक्षण

स्पोर्ट्स कारच्या निष्कास प्रणालीतील आवाज कमी-जास्त करणारी झडप व तिच्या मांडण्या (मोड), तसेच गाडीच्या मूळ रंगावर चढवलेली पारदर्शक फिल्म किंवा लेप. बोलण्यात पहिल्याला नुसते ‘सायलेन्सर’ आणि दुसऱ्याला ‘पीपीएफ’ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) किंवा ‘कोटिंग’ म्हणतात. दोन्ही विषय वेगळे असले तरी मागच्या बंपरवर, पाइपांच्या तोंडाशी, ते एकमेकांना भिडतात. म्हणून येथे एकत्र घेतले आहेत. स्थानिक संदर्भ नागपूरचा आहे.

उगम : एंजिनाचा आवाज दाबणाऱ्या डब्याचे अमेरिकी पेटंट रीव्ह्ज बंधूंना १८९७ मध्ये मिळाले. हे श्रेय काही ठिकाणी हायरम पर्सी मॅक्सिम यांना दिलेले आढळते. मात्र त्यांची मुख्य ख्याती बंदुकीच्या सायलेन्सरची असून तो साधारण दशकभराने नंतरचा आहे. नावाच्या सारखेपणातून हा घोटाळा झाला असावा.

झडपेच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील मोटारींना ‘कट-आउट’ असे. पायाने किंवा दांडीने ते उघडले की धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडे. चढावर ताकद वाढते असे त्याचे समर्थन केले जाई. कोणता सिलिंडर चुकतो आहे हे कानाने ओळखायलाही त्याचा उपयोग होई. पुढे अनेक शहरांनी त्यावर बंदी घातली. आजची झडप ही या कट-आउटचीच वंशज, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार ती ध्वनिचाचणीचे अपत्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियमन क्र. ५१ नुसार गाडी ताशी सुमारे ५० किमी वेगाने आणून पूर्ण ॲक्सिलरेटर देत मापकासमोरून नेली जाते. त्या टप्प्यात झडप बंद राहील आणि त्यापलीकडे उघडेल अशी रचना करणे उत्पादकांना सोयीचे होते. दुसरे मत अधिक पटणारे आहे. कट-आउट सायलेन्सर पूर्णच वगळत असे, तर आजच्या बहुतेक रचनांत झडप उघडी असतानाही धूर डब्यातूनच जातो, फक्त जवळच्या वाटेने. आणि त्याने वाढणारी ताकद बहुधा नगण्य असते. २०१६ पासून लागू झालेल्या सुधारित यूरोपीय चाचणीत वेगाचा व एंजिनाच्या फेऱ्यांचा विस्तृत पट्टा तपासला जाऊ लागल्याने ही पळवाट बरीच अरुंद झाली आहे.

रचना व मांडण्या : झडप निर्वात नळीने किंवा छोट्या विद्युत् मोटरने चालते. निर्वात प्रकारात बऱ्याच गाड्यांची झडप निर्वात नाहीसा होताच स्प्रिंगने उघडते. त्यामुळे उष्णतेने रबरी नळीला चीर गेली तर गाडी कायमची मोठ्याने बोलू लागते, आणि मालकाला प्रथम तो बिघाड वाटतच नाही. कम्फर्ट, स्पोर्ट आणि स्वतःची अशा मांडण्या सर्रास असतात. काही गाड्या शेवटची मांडणी लक्षात ठेवतात, काही दर वेळी एंजिन सुरू होताच मूळ पदावर येतात. थंड एंजिन सुरू होताना धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) लवकर तापावा म्हणून फेऱ्या वाढवल्या जातात. सकाळी सहाला अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये होणारा तो अर्ध्या-पाऊण मिनिटाचा गदारोळ यातूनच येतो. फोर्डने २०१८ च्या मस्टँगमध्ये ठराविक वेळांत आवाज दबलेला ठेवण्याची सोय दिली, ती शेजाऱ्यांच्याच कारणाने. ॲक्सिलरेटर सोडल्यावरचे फटाके बहुधा मुद्दाम घडवलेले असतात : प्रज्वलन उशिरा करून थोडे इंधन निष्कासात जळू दिले जाते.

मांडणी निवडताना मोठा आवाज हा खरा प्रश्न नसतो. खरा प्रश्न घुमण्याचा. सहा सिलिंडरच्या चतुर्घाती एंजिनात दर फेरीला तीन स्फोट होतात. मिनिटाला २,००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० स्फोट, म्हणजे १०० हर्ट्‌झ. केबिनची पोकळी या सुमारास सहज घुमते. समृद्धी महामार्गावर, जेथे मोटारींना ताशी १२० किमीची मर्यादा आहे, नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून एकाच गतीने तास-दीड तास गेले की डोके जड होते ते याने. उपाय म्हणजे झडप बंद करणे, किंवा पाइपाला बाजूने एक टोक बंद असलेली आंधळी नळी जोडणे. तिची लांबी ध्वनितरंगाच्या चतुर्थांशाइतकी लागते. ३० अंशांच्या हवेत १०० हर्ट्‌झसाठी ती सुमारे ८७ सेंमी भरते. पण ३५० अंशांच्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या घरात जातो आणि हीच नळी सव्वा मीटर लागते. थंड हवेचे गणित मांडून वेल्डिंग केलेली नळी म्हणूनच भलत्याच वेगावर काम करते.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली ध्वनिप्रदूषणाच्या पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना अपात्र अशी तरतूद आहे. उत्पादकाने मंजुरीसह दिलेली झडप हा मूळ रचनेचाच भाग. ती कायम उघडी ठेवणारी वायर किंवा बाहेरून आणलेला पाइप हा बदल. नाक्यावर मात्र बुलेटचा ‘फटाका सायलेन्सर’ आणि कंपनीची झडप यांत कानाने फरक करणे अवघड, त्यामुळे गाडीसोबतची माहिती-पुस्तिका डिकीत असलेली बरी. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही परिसराची मर्यादा आहे. सिव्हिल लाइन्समधून उच्च न्यायालयाच्या खंडपीठाजवळून जाताना ती आठवावी. ध्वनी मोजण्याचे ‘नॉइज ट्रॅकर’ हे मोबाइल ॲप नागपूरच्याच नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने तयार केले आहे.

रंगसंरक्षण : पारदर्शक फिल्मचा उगम व्हिएतनाम युद्धाच्या काळात, बहुधा १९६० च्या दशकात, हेलिकॉप्टरच्या पात्यांची कड वाळू-खड्यांपासून वाचवण्यासाठी वापरलेल्या पॉलियुरेथेन पट्टीत मानला जातो, थ्रीएम कंपनीचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. शर्यतींच्या गाड्यांवर ती नंतर आली. सुरुवातीच्या फिल्म उन्हाने पिवळ्या पडत, कारण त्यांतील पॉलियुरेथेन ॲरोमॅटिक प्रकारचे असे. ॲलिफॅटिक प्रकार आल्यावर हा दोष बराच आटोक्यात आला. आजची चांगली फिल्म १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, तर कारखान्यातला सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन आणि त्यातला वरचा क्लिअर कोट ४०-५०. स्वस्तातली पीव्हीसी फिल्मही ‘पीपीएफ’ म्हणूनच खपते. ती कडक असते आणि तिच्यावरचा ओरखडा भरून येत नाही.

सिरॅमिक कोटिंग हा सिलिकायुक्त लेप जेमतेम काही मायक्रॉनचा असतो. पाणी घसरते, धुणे सोपे होते. खडी मात्र तो अडवत नाही. जाहिरातीतला ‘९एच’ हा पेन्सिलच्या कठीणपणाचा मापक आहे, खनिजांच्या मोह्ज मापनाचा नव्हे. तो हिऱ्याच्या खालोखाल असल्याचे सांगणारा विक्रेता हे दोन तक्ते एकत्र वाचत असतो.

नागपुरात रंगाचा शत्रू खडीपेक्षा राख आणि फडके. कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक केंद्रांच्या बाजूने वारा असला की बॉनेटवर करडा थर दिसतो. या राखेचे कण मुख्यतः सिलिका व ॲल्युमिनाचे. गाडी पुसणारा सकाळी सुके फडके गोल फिरवतो आणि महिनाभराने काळ्या गाडीवर उन्हात बारीक ओरखड्यांचे कोळ्याचे जाळे उमटते. आधी पाण्याचा फवारा, मग हात, हा क्रम पाळला तर निम्मे रबिंग-पॉलिश टळते. बोअरवेलचे जड पाणी वाळले की पांढरे ठिपके राहतात, ते कोटिंगवरही राहतात.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असताना उघड्या शेडमध्ये फिल्म लावू नये. साबणाचे पाणी स्क्वीजी (पाणी ओढणारी रबरी पट्टी) फिरण्याआधीच आटते, गोंद नको तेथे पकडतो आणि बुडबुडे अडकतात. वातानुकूलित, धूळ नसलेली खोली लागते. एकदा बसल्यावर मात्र हेच ऊन कामी येते : बारीक ओरखडे भरून यायला इतरत्र गरम पाणी ओततात, येथे दुपारी गाडी उन्हात उभी केली की पुरते.

मागच्या बंपरवर पाइपांच्या कडेला फिल्म दोन-तीन बोटे अलीकडेच संपवणे चांगले, कारण उष्णतेने कड वळते आणि काजळी तिच्याखाली शिरते. चार तोंडांच्या काही गाड्यांत झडपा दोनच तोंडांना असतात. झडप बंद ठेवून चालवलेल्या गाडीत ती दोन तोंडे स्वच्छ राहतात आणि बाकीची दोन काळी पडतात. जुनी गाडी पाहायला आलेला जाणकार म्हणून मालकाला काही विचारण्याआधी चारही पाइपांत बोट फिरवून पाहतो.