फळीवरचे शेत: नव्याने सुरुवात करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

छोट्या शेताचे मॉडेल करायचे म्हणून दुकानात येणारे बहुतेक जण आधी ट्रॅक्टर मागतात. ट्रॅक्टर आम्ही देतोच, पण त्याआधी दोन प्रश्न विचारतो: स्केल (खऱ्या वस्तूशी मॉडेलचे प्रमाण) कुठले, आणि महिना कुठला? ही दोन उत्तरे ठरली की पुढची अर्धी खरेदी आपोआप ठरते. ती ठरली नसतील तर घरात एकमेकांशी न जुळणाऱ्या वस्तूंचा ढीग होतो.

हाताने देखावा उभा करणे गोव्यात कुणाला शिकवावे लागत नाही. चवथीचे देखावे आहेत, नाताळचा गोठा आहे, त्यासाठी परातीत नाचणी पेरून हिरवेगार शेत उगवणारी मुले आहेत. पण ते काम पंधरा दिवसांचे. फळीवरच्या शेताला पावसाळ्यामागून पावसाळे काढायचे असतात, म्हणून सामान निवडताना नजर वेगळी ठेवावी लागते.

स्केल

शेतीच्या मॉडेलांमध्ये जगभर सर्वाधिक चालते ते १:३२. ब्रिटेन्स, सिकू या कंपन्यांचे ट्रॅक्टर, नांगर, ट्रेलर याच मापाचे. १:६४ अमेरिकेत लोकप्रिय. १:८७ हे मूळचे रेल्वे मॉडेलचे, त्यामुळे घरे, झाडे, माणसे त्यात भरपूर मिळतात, शेतीची अवजारे मात्र कमी.

हिशेब सोपा आहे. १:३२ मध्ये खरा एक मीटर म्हणजे ३१ मिमी, १:८७ मध्ये साडेअकरा मिमी. चार फूट बाय दोन फुटांची फळी घेतली तर १:३२ मध्ये तिच्यावर सुमारे ७६० चौरस मीटर जमीन बसते. म्हणजे एक घर, अंगण, गोठा आणि एखाददुसरा कुणगा (शेताचा लहान तुकडा), बस्स. तीच फळी १:६४ ला सुमारे ३,०५० आणि १:८७ ला ५,६०० चौरस मीटर होते. तिथे नदी, बांध, शेत, वाडा आणि मागचा डोंगर असा सगळा उतार दाखवता येतो.

आमचे मत विचाराल तर मुलांसोबत करायचे असेल, हाताने अवजारे फिरवायची असतील तर १:३२. एकट्याने निवांत बसून संपूर्ण गावाचा तुकडा उभा करायचा असेल तर १:८७. दोन्ही एका फळीवर नकोत. मागच्या बाजूला मुद्दाम लहान झाडे लावून खोली दाखवतात ते वेगळे. ती युक्ती झाडांना चालते, माणसांना आणि गुरांना नाही.

बाजारातल्या खेळण्यांवर पुष्कळदा स्केल छापलेले नसते. तेव्हा मागच्या चाकाचा व्यास मोजा. आपल्याकडच्या मध्यम ट्रॅक्टरचे मागचे टायर उंचीला साधारण १.३ मीटर. ते ४० मिमीच्या आसपास भरले तर खेळणे १:३२ चे, २० मिमी भरले तर १:६४ चे. दुकानात पट्टी ठेवलेलीच आहे, हवे ते खोके उघडून मोजा.

महिना

ऋतू म्हणून चालणार नाही, महिनाच ठरवा. जुलैमधले लावणीचे शेत म्हणजे गढूळ पाणी, त्यात पोपटी काड्या आणि बांधावर तरव्याच्या (लावायच्या रोपांच्या) जुड्या. ऑगस्टमध्ये पाणी दिसेनासे होते, हिरवा गडद होतो. ५ ऑगस्टला रायला आणि २१ ऑगस्टला ताळगावला कणसांचे फेस्त (चर्चमधला नव्या पिकाचा सण) होते, चवथीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम. म्हणजे लवकर पेरलेल्या शेतांत तोवर कणीस धरलेले असते. सप्टेंबरअखेर सोनेरी. ऑक्टोबरनंतर खुंट, तणाच्या (पेंढ्याच्या) उडव्या, मोकळी गुरे आणि त्यांच्यामागे गायबगळे.

ग्राहक बहुधा सगळे एकत्र मागतात: एका कोपऱ्यात लावणी, दुसऱ्यात मळणी. खऱ्या शेतात वायंगण (हिवाळी भात) आणि सरद (पावसाळी भात) एकाच वेळी उभे नसतात. पाहणारा शेतकरी असेल तर त्याची पहिली नजर तिथेच जाते.

खाजन करायचे असेल तर

दिवाडी, चोडण, आगशी इकडचे ग्राहक खाजनच (खाऱ्या नदीकाठी बांध घालून राखलेले शेत) करायचे म्हणतात आणि आम्हालाही हा विषय सर्वांत आवडतो. पण त्याची एक मेख आहे. खाजनातले शेत भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असते. बांध आणि मानस (बांधातले पाण्याचे दार) आहे म्हणूनच ते शेत आहे. नदी कोरून खाली आणि शेत वर, अशी नेहमीची मांडणी केलीत तर ते खाजन होणार नाही, कुठल्याही नदीकाठचे शेत होईल.

म्हणून भरती दाखवायची की ओहोटी हे आधी ठरवा. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे पाण्याच्या पातळीत दोन मीटरपर्यंत फरक पडतो, १:३२ मध्ये तो जवळपास सहा सेंटिमीटर होतो. भरती दाखवायची तर नदीचे पाणी शेतापेक्षा वर, बांधाच्या माथ्याखाली थोडे, आणि मानशीच्या फळ्या बाहेरच्या पाण्याच्या दाबाने घट्ट मिटलेल्या. ओहोटी दाखवायची तर फळ्या नदीच्या बाजूला उघडलेल्या, आतले पाणी बाहेर ओढले जातेय, किनारा उघडा, कांदळांची मुळे चिखलात उभी. नवख्यांनी ओहोटी करावी. चिखल जमतो, खोल पाणी लवकर जमत नाही. मानशीच्या आतल्या अंगाला पोंय (खोलगट डबके) असते, ती विसरू नका. पाणी आत-बाहेर होताना जाळे लावून मासळी धरायची जागा तीच.

बांध मातीचा, त्यात तण नि बांबू, नदीकडच्या अंगाला चिरे (जांभा दगड). थर्मोकोलच्या पट्टीवर आधी पातळ प्लास्टरचा हात द्या, मग माती. आणि रंग! लाल माती ही डोंगराकडची, रस्त्याची, अंगणाची. खाजनातली माती काळपट राखाडी. गोवा म्हटले की सगळे लालेलाल करायची सवय आहे, ती इथे सोडा.

पाणी निळे करू नका. कितीही मोह झाला तरी नको. तळाला तपकिरी रंगात किंचित हिरवा मिसळून द्या, कडेकडेला फिकट, मध्ये गडद, आणि वर ग्लॉस वार्निशचे चार-पाच पातळ हात. लावणीच्या कुणग्याला एवढे पुरते. रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारे पारदर्शक द्रव्य) हवेच असेल तर २–३ मिमीच्या थरांत ओता. एकदम जाड ओतले की ते तापते आणि खालचा थर्मोकोल बसतो. जून ते सप्टेंबर रेझिन ओतूच नका. दमट हवेत त्यावर चिकट, पांढुरकी साय येते.

भात उभे करणे

यासाठी लोक सर्वाधिक पैसे घालवतात, आणि तशी गरज नसते. १:८७ साठी काथ्याचे पायपुसणे उत्तम. पट्ट्या कापा, केस ११ मिमीवर छाटा, म्हणजे खऱ्या मीटरभर उंचीचे पीक झाले. वरून पिवळसर रंगाचा कोरडा ब्रश अलगद फिरवला की कणसे दिसतात. हेच पायपुसणे १:३२ ला मात्र अपुरे पडते; तिथे पूर्ण वाढलेले भात ३१ मिमी हवे, बहुतेक पायपुसण्यांचे केस तेवढे लांब नसतात. १:३२ वाल्यांनी म्हणूनच लावणीचा महिना घ्यावा. रोप वीस सेंटिमीटरचे, म्हणजे सहा मिमी. स्टॅटिक ग्रासचे (मॉडेलसाठीच्या कृत्रिम गवताचे) झुपके कापून लावता येतात. ओळींत खरे अंतर २० बाय १५ सेंमी धरले तर फळीवर साधारण ६ बाय ५ मिमी. दहा सेंटिमीटरच्या चौकोनात तीनशेहून अधिक चूड (रोपांचे झुपके) बसतात. कंटाळा येतो, हे आधीच सांगून ठेवतो. कडेच्या ओळी नेटाने लावा, मधल्या थोड्या विरळ झाल्या तरी डोळ्याला कळत नाहीत.

कुळागर (माड-पोफळींची बाग) हवे असणाऱ्यांसाठी थोडक्यात: माडामाडांत खरे अंतर साडेसात मीटर असते, १:३२ मध्ये २३ सेंमी, आणि माडाची उंची अर्धा मीटर सहज भरते. दहा-बारा माडांत फळी संपली. पोफळी २.७ मीटरवर, म्हणजे साडेआठ सेंमी, त्या दाट दिसतात आणि करायलाही सोप्या: बांबूची काडी, खाली राखाडी, शेंड्याकडे हिरवी, मध्ये कड्यांच्या रेघा, वर सात-आठ झावळ्या. एक-दोन पोफळींवर मिरवेल चढवली की कुळागरांच्या सावई-वेऱ्याचा कोपरा समोर उभा राहतो. सबंध कुळागर १:८७ मध्येच करा.

घर आणि गोठा

मंगळुरी कौल खरे ४१ बाय २३ सेंमीच्या आसपास. १:३२ मध्ये १३ बाय ७ मिमी. साध्या खोक्याचा पुठ्ठा भिजवून सोलला की आत जो नागमोडी कागद निघतो त्याची नागमोड बहुधा सहा-सात मिमीची असते. १३ मिमी रुंद पट्ट्या कापून खालून वर, एकमेकींवर थोड्या चढवत चिकटवा. इतके बरोबर बसणारे छप्पर आमच्याकडच्या आयात शीटमध्येही मिळत नाही, आणि पुठ्ठा फुकट. वर मॅट वार्निश मात्र हवेच. फार जुने घर दाखवणार असाल तर मंगळुरी कौल नको. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. त्याआधीच्या घरांवर नळे (अर्धगोल देशी कौले) घाला.

चिऱ्याच्या भिंतीला एकच लाल रंग देऊ नका. लाल, पिवळट, जांभळट असे तीन हात तुटक-तुटक द्या, टोकदार सुईने भोके पाडा, आणि पावसाळ्याचा महिना असेल तर खालच्या दोन थरांवर काळपट हिरवे शेवाळ चढवा. तुळशीवृंदावन ३५–४० मिमी उंच पुरे.

गुरे आणि यंत्रे

आयात सेटमधल्या गाई बहुतेक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या होल्स्टिन असतात. गोव्याची देशी गाय श्वेत कपिला, अंगाने बेताची आणि नाकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी. सेटमधली सर्वांत लहान गाय घ्या, कास थोडी तासा, पांढऱ्यात थेंबभर पिवळा मिसळून रंगवा.

ट्रॅक्टर खाजनाच्या चिखलात फारसा शोभत नाही, तिथे पॉवर टिलर (मागून चालत हाताने धरायचे नांगरणी यंत्र) हवा. तो तयार मॉडेलमध्ये मिळणे कठीण, पण प्लास्टिक शीट, तार आणि खराब झालेल्या खेळण्याची दोन चाके एवढ्यात होतो. नमुन्याचा कागद आमच्याकडे मोफत आहे. लाकडी नांगर, जू, गुटा, गाडे यांची मापे घ्यायची तर बाणावलीचे गोवा चित्र संग्रहालय एकदा बघून या. जुनी अवजारे इतक्या संख्येने एका जागी क्वचितच दिसतात.

दमट हवा, वाळवी, मुंग्या

आता कंटाळवाणा पण सर्वांत कामाचा भाग. तळाला एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) वापरू नका, ओल धरून तो फुगतो. १२ मिमी मरीन प्लाय घ्या, कडांना आणि खालून वार्निशचे दोन हात द्या. तळाचे सांधे मरीन फेविकॉलने. साधा फेविकॉल ओलीने पुन्हा मऊ पडतो, तो फक्त गवत आणि माती चिकटवायला. तिथे अर्धे पाणी, अर्धा फेविकॉल आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. साबणामुळे मिश्रण मातीत मुरते, नाहीतर वर गोळे होऊन बसते.

थर्मोकोलवर फेविक्विक, रबरी सोल्युशन आणि साधा स्प्रे रंग चालत नाही. तिन्ही त्याला खातात. स्प्रे मारायचाच तर आधी प्लास्टिक इमल्शनचा जाड हात द्या आणि कोरडे ऊन असलेला दिवस निवडा. पावसाळी हवेत स्प्रेचा थर पांढरट पडतो.

बाहेरची माती आणलीत तर मैद्याच्या चाळणीने चाळा, तव्यावर नीट भाजा आणि चुंबक फिरवा. आपल्या मातीत लोहाचे कण असतात. चालत्या ट्रॅक्टरच्या किंवा आगगाडीच्या मोटरीत ते गेले की मोटर बसते. चिकटल्यावर माती एक छटा गडद होते, तेव्हा रंग निवडताना फिकट माती घ्या. तांदळाचे दाणे, खरा भुसा, पोहे फळीवर नकोत: सोंडे, मुंग्या, उंदीर, याच क्रमाने पाहुणे येतात. लाकडाचा भुसा रंगवून गवतासाठी वापरणार असाल तर रंगाच्या पाण्यात बोरिक पावडर घाला, आणि ते काम मुलांच्या हाती देऊ नका. नाचणीचे शेत नाताळपुरतेच ठेवा.

फळी खिडकीसमोर नको, ऊन हिरव्या रंगाला फिके करते. वर अॅक्रिलिकचे झाकण आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. निळ्या गोळ्या गुलाबी झाल्या की मंद आचेवर सुकवून परत ठेवा.

दुकानात येताना

जागेची लांबी-रुंदी, दाखवायच्या शेताचे किंवा घराचे मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटो आणि ठरवलेला महिना एवढे आणा. पहिल्या खेपेला प्लाय, थर्मोकोल, मरीन फेविकॉल आणि दोन रंग यापलीकडे काही घेऊ नका असे आम्हीच सांगतो. ट्रॅक्टर तळ सुकल्यावर घ्या. प्लाय आम्ही मापाने कापून देतो. न उघडलेले सामान बिलासह बदलून मिळते, पण फोडलेले रेझिन आणि वापरलेले स्प्रेचे डबे परत घेत नाही.